मौनाच्या दिवशीची घंटा

"त्यानं ओरडायला नको होतं का?" खुर्चीत बसण्याआधीच बाई म्हणाली. "जिवाभावाचा मित्र ना? नुसतं 'हट' म्हणाला असता तरी माझा माणूस आज घरी असता."

खाजगी तपासाच्या त्या छोट्या कचेरीत दोनच माणसं काम करत. एक आक्का, त्यांचं डोकं चाले. दुसरे त्यांचे यजमान, त्यांची जीभ चाले. यजमानांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि आक्का बाईकडे बघत राहिल्या.

बाई रजया शिवायची. बाहीला कापसाचे तंतू चिकटले होते आणि रडता रडताही ती ते वेचत होती. तिचा नवरा लाकडाच्या वखारीत कामाला होता. याच आठवड्यात क्रेनवरून निसटलेला ओंडका त्याला लागला आणि तो जागच्या जागी गेला. क्रेन चालवत होता त्याचा लहानपणचा मित्र, मौनी पंथाचा. या पंथाची माणसं आठवड्यातला एक दिवस तोंडातून शब्द काढत नाहीत. तो दिवस नेमका तोच होता.

"कायद्यानं म्हणे त्याला मुभा आहे. माणूस मेला तरी गप्प बसायची मुभा! तो मुद्दाम गप्प बसला का, एवढंच शोधून द्या, आक्का."

"एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाली आणि नजर चुकवून उठली.

वखारीचा मुकादम विचारायच्या आधीच सुरू झाला. "आधी घंटेचं सांगतो. मौनाच्या दिवशी त्यानं ओरडण्याऐवजी घंटा ओढायची, हे सरकारी खात्यानंच ठरवून दिलंय. सकाळी मी वाजवून बघितली, ठणठणीत होती. अपघातानंतर खात्याच्या साहेबांनी बघितली, तेव्हाही वाजली."

"घंटा झाली की खालच्यानं काय करायचं?"

"मागं वळून बघायचं नाही. सरळ पिवळ्या रेषेपलीकडं उडी मारायची. अंगवळणी पडलंय सगळ्यांच्या."

"बाकी कुणी काही ऐकलं?"

"करवतीजवळच्यांच्या कानात बोळे असतात, आक्का. क्रेनखालच्यानं तेवढे कान उघडे ठेवायचे."

"आणि गेलेल्याचं तोंड कुठे होतं?"

"करवतीकडं. गाडी ढकलत चालला होता, क्रेनकडं पाठ. ओंडका मागून झोका घेत आला."

"लागला कुठे?"

"कपाळावर."

"अरेरे," यजमान म्हणाले.

आक्का मात्र शिडी चढून घंटेपाशी गेल्या होत्या. क्रेनवरून उतरायची वाटही तिथूनच होती. त्यांनी घंटेत बोट फिरवलं. लोलकाच्या खिळ्यात कापसाचा पांढरा तंतू अडकला होता आणि त्यासोबत शिवणाच्या दोऱ्याचं टोक. दोन्ही त्यांनी रुमालात बांधलं.

"मौनाची थट्टा व्हायची का हो इथे?" खाली येत त्यांनी विचारलं.

मुकादमाची मान खाली गेली. "गेलेला म्हणायचा, 'एक दिवस याला बोलता करतोच.' सगळे हसायचो आम्ही. मीही हसायचो."

मौनी एका खोलीत राहायचा. एकुलती एक खुर्ची त्यानं आक्कांना दिली. यजमान पेटीवर टेकले. पेटीवर आणखी एकाची जागा होती, पण तो भिंतीशी उभाच राहिला. अर्धवट जेवलेलं ताट खिडकीच्या उंच कट्ट्यावर होतं, आणि रिकाम्या खाटेशेजारी जमिनीवर अंथरूण.

"पाठ धरलीये का?" यजमानांनी आपुलकीनं विचारलं.

"नाही. बरं आहे असं."

"घंटा ओढली नाही?" आक्का म्हणाल्या.

"घंटा वाजली नाही."

"मग ओरडलात?"

"मौन होतं माझं." तो खिडकीकडे वळला. "माझ्यामुळे गेला तो. एवढंच लिहा आणि सोडा मला."

"त्याच्यापाशी आधी कोण पोचलं?"

"मीच."

रस्त्यावर येताच यजमान म्हणाले, "कबूलच केलं की. मिटलं!"

"अहो, त्यानं गुन्हा कबूल केला. काय घडलं ते कुठे सांगितलं?"

कामगार खात्यातले अधिकारी वैतागले होते. "घंटा हाताशी असून ओढली नाही, असाच अर्थ निघतो. परवा सुनावणी आहे. एका माणसापायी साऱ्या मौनी लोकांची मान्यता रद्द होणार. मान्यता द्या असं मीच सांगितलं होतं, आता मलाच झोप नाही."

"मुळात दिलीत कशी? सरकारला तर धर्म नसतो."

"सरकारला नसतो, कामगाराला असतो. देव खरा की खोटा हे आम्ही बघत नाही. मौन मोडलं तर काय, एवढंच पंथाच्या लोकांना विचारलं. ते म्हणाले, एक शब्द जरी निघाला तरी पुढच्या मौनापर्यंत बसायचं नाही. जेवायचं उभ्यानं, झोपायचं जमिनीवर. ज्याची झळ स्वतःला सोसावी लागते ती श्रद्धा, बाकी सबबी. म्हणून घंटा दिली. एकाच्या श्रद्धेपायी दुसऱ्याचा जीव जाऊ नये म्हणून."

आक्का पहिल्यांदाच हसल्या, पण ते हसू टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे बाईच्या घरी जमले. शिवणयंत्राशेजारी रजयांचा ढीग होता. बाई, मुकादम आणि अधिकारी खुर्च्यांवर बसले. मौनी उभा होता.

"हा मुद्दाम गप्प बसला का, असं तुम्ही विचारलंत," आक्का बाईला म्हणाल्या. "हा गप्प बसलाच नाही. ओरडला."

"काय सांगतेस!" यजमान म्हणाले.

"क्रेनकडे पाठ असलेल्या माणसाला कपाळावर कसं लागेल? तो वळला म्हणून. घंटेला कुणी वळत नाही, उडी मारतं. मौनाच्या दिवशी या मित्राचा आवाज कानावर आला, तर मात्र कुणीही वळून बघेल. आणि मौन मोडलं म्हणूनच हे तेव्हापासून बसलेले नाहीत. साहेब, तुमच्याच कागदावर आहे हे."

अधिकाऱ्यांनी मान वर करून मौनीकडे पाहिलं.

"पण घंटा होती ना?" मुकादम म्हणाला.

"यांनी ओढली. वाजली नाही. सकाळी तुम्ही वाजवून गेल्यावर लोलकावर कुणीतरी कापसाची टोपी चढवली होती. 'याला बोलता करायचं' म्हणून. क्रेनवरून उतरताना यांनी ती काढून लपवली. मेलेल्या मित्राच्या माथी त्याचीच थट्टा येऊ नये, म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं."

मौनीनं खिशातून पांढरी टोपी काढली. मुठीत मावेल एवढी, नीट टाके घातलेली.

"तो वळला तेव्हा हसत होता," तो म्हणाला. "जिंकला होता ना. मी ओरडलो नसतो तर वळून थांबला नसता, वहिनी. मीच मारलं त्याला."

"टोपी बेतून शिवलेली आहे," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. "वखारीतला माणूस बोळा कोंबतो, टाके घालत नाही. आणि बाई, सगळे आधी घंटेचंच बोलले. तुम्ही मात्र घंटेचं नावही काढलं नाहीत."

बाईनं पदर तोंडाला लावला. "मीच शिवून दिली. रात्री दोघं पोट धरून हसलो. मग कळलं की घंटा तपासली, वाजते. वाटलं, त्यानं टोपी घातलीच नसेल. दुसरं कुणीतरी दोषी निघावं, म्हणून तुमच्याकडे आले मी."

अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. "मान्यता राहील. घंटेभोवती जाळी बसवून घेऊ."

"आणि मला काय शिक्षा?" बाईनं विचारलं.

"तुमच्यावर कसला गुन्हा लावणार, बाई? कायद्यात तसं काही नाही."

तिला ते सोसवेना. ती मौनीकडे वळली. "भावजी, किती दिवस उभं राहायचं असतं?"

"पुढच्या मौनापर्यंत."

ती त्यांच्या पंथाची नव्हती. तरी ती खुर्चीवरून उठली आणि भिंतीशी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळानं मुकादमही उठला.