बाणाच्या वरचं पाणी

"तीन दिवस!... तीन दिवस झाले ताई, आणि औषध अजून खुणेवरच आहे!"

रसिकाने बाटली ट्यूबलाइटसमोर धरली होती. लेबलवर एक बारीकसा बाण छापलेला होता आणि आतलं गुलाबी औषध त्या बाणाच्या टोकाला असं चिकटून उभं होतं, की जणू त्यातला एक थेंबही अजून कुणाच्या तोंडात गेला नव्हता! आतल्या खोलीत तिचा पाच वर्षांचा सर्वेश तापाने फणफणला होता. घसा इतका सुजलेला, की थुंकी गिळतानाही त्याचे डोळे भरून येत.

रसिकाची नणंद मंजुळा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात कणकेचा गोळा होता, आणि अंतःकरणात असा वणवा पेटला होता, की गोळ्याची पोळी तव्याशिवाय भाजून निघाली असती.

"मी औषध दिलं नाही, असं म्हणायचंय तुला?"

"मी नाही म्हणत. बाटली म्हणतेय."

मंजुळाने भावाकडे पाहिलं. सुदेश खुर्चीत बसून आपल्या पायाच्या अंगठ्याचं सखोल निरीक्षण करत होता.

"सुदेश, तू तरी बोल रे..."

"अगं ताई, राहिलं असेल चुकून एखाद्या वेळी," तो अंगठ्याला म्हणाला. "मागच्या वर्षी पण तसं झालेलं ना..."

मागच्या वर्षी!

मागच्या वर्षी सर्वेशचा ताप दुसऱ्याच दिवशी उतरला, आणि भाबड्या मंजुळाने 'आता कशाला पोराला कडू पाजायचं' म्हणून औषध बंद केलं. आठवड्याने दुखणं दुपटीने उलटलं. तो अपराध तिचाच होता, तिने तो मान्य केला होता, आणि प्रायश्चित्तही घेतलं होतं. या वेळी सकाळी आठ, रात्री आठ, दोन्ही वेळेचे गजर लावलेले. प्रत्येक डोसला कॅलेंडरवर बरोबरची खूण. बाटली फ्रिजमध्ये, लेबलवर लिहिल्याप्रमाणे. देण्याआधी अशी घुसळायची की खालच्या मजल्यावरच्यांना वाटावं, हिच्याकडे रोज ताक होतं. आणि माप? चमचा नव्हे, बाटलीबरोबर आलेली पाच एमएलची टोपी, डोळ्यांसमोर धरून, श्वास रोखून!

आणि तिला हे फळ!

सत्तावीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मंजुळा एकोणीस वर्षांची होती आणि सुदेश आठवीत. कल्याणचं चालून आलेलं सोन्यासारखं स्थळ तिने त्याच्यासाठी परत पाठवलं. ते गृहस्थ आज कल्याणात चष्म्याचं दुकान चालवतात आणि पूर्ण टकले आहेत. पण तेव्हा त्यांना भरघोस केस होते, आणि त्यागाचं मोल त्या वेळच्या केसांवरूनच करावं लागतं. भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, दिवा स्टेशनजवळच्या या दोन खोल्यांत त्याच्या संसाराला आपल्या उभ्या आयुष्याचा टेकू दिला... आणि आज तोच भाऊ म्हणत होता, राहिलं असेल चुकून!

"बस्स!" मंजुळा म्हणाली. "मी चालले आंबिवलीला, तुळसामावशीकडे. सांभाळा आपलं पोर!"

तिने पिशवीत दोन साड्या कोंबल्या, चप्पल घातली, दार उघडलं... आणि घड्याळ बघितलं. साडेपाच. आठचा डोस बाकी होता.

ती तशीच चपलेसकट, पिशवी मांडीवर घेऊन, दाराजवळच्या स्टुलावर बसली. असा मानभंग कोणत्या स्त्रीच्या वाट्याला आला असेल! रागाने घर सोडायचं, तेही आठनंतर!

पण आठ वाजायची वेळच आली नाही. सर्वेश झोपेतून रडत उठला, "आत्तू... दुखतंय गं..." म्हणाला, आणि ओकला. मंजुळाने पिशवीसकट धाव घेतली. दहा मिनिटांत तिघं त्याला घेऊन रिक्षात होती. औषधाची बाटली रसिकाच्या मुठीत होती, पुरावा म्हणून.

डॉक्टर शुभदा यांचा दवाखाना स्टेशनच्या पूर्वेला होता. बाईंचे केस पांढरे, आवाज शांत. त्यांनी सर्वेशचा घसा बघितला, ताप बघितला आणि भुवया जुळवल्या.

"औषध देताय ना?"

"तेच तर, डॉक्टर!" रसिकाचा बांध फुटला. "मी दिवसभर ठाण्याला ऑफिसात असते. घरी यांच्या भरवशावर... आणि बघा, बाटली खुणेखाली गेलेलीच नाही!"

डॉक्टरांनी बाटली घेतली, उलटी केली आणि उजेडाकडे धरली. औषध सगळं गळ्याकडे आलं. तळाला मात्र पांढरा घट्ट थर तसाच चिकटून राहिला.

"हे कालवलं कुणी?"

"मी," सुदेश म्हणाला.

"पाणी कुठपर्यंत घातलंत?"

"काठोकाठ!" सुदेश ताठ मानेने म्हणाला.

इथे सुदेशबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या इमारतीत एक दिवसाआड पाणी येई, तेही पाऊण तास, आणि सुदेश हा इमारतीच्या पाणी समितीचा सेक्रेटरी होता. 'भांडं रिकामं म्हणजे घर रिकामं' हे त्याचं ब्रीद. नळ सुरू झाला की तो हंडे, कळश्या, कुकर, थर्मास, शेकायची रबरी पिशवी, सर्वेशची पिचकारी, असं जे जे पोकळ दिसेल ते ते भरत सुटे. एकूण त्रेचाळीस भांडी. सोमवारी त्रेचाळीस झाली आणि चव्वेचाळिसावी औषधाची बाटली.

'काठोकाठ' हा शब्द दवाखान्यात थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग तो हळूहळू सुदेशच्या चेहऱ्यावर उतरला.

"अहो, ही भुकटी असते," डॉक्टर म्हणाल्या. "पाणी उकळून गार केलेलं. आधी अर्धं घालून हलवायचं, मग बाणापर्यंत. बाणापर्यंतच! तुम्ही औषध पातळ केलंत, आणि वर हलवायला जागाच ठेवली नाहीत. औषध बसलं तळाला. मुलाच्या पोटात गेलं ते गुलाबी पाणी. जंतू मरायचे कसे?"

"मेडिकलवाल्याने सांगितलेलं," सुदेश पुटपुटला. "मी ऐकलेलं पण. तेवढ्यात नळाला पाणी आलं... आणि बाणाच्या वर ती रिकामी जागा दिसली ना... मला राहवलं नाही."

रसिका बाटलीकडे बघत होती. तिच्या ओठांवरचा रंगच गेला.

"म्हणजे... काठोकाठ होती. तीन दिवसांचं औषध गेलं, तेव्हा कुठे ती खुणेवर आली..." तिने मंजुळाकडे पाहिलं. "ताई... तुम्ही प्रत्येक डोस दिलात!"

आणि मग मंजुळा बोलली! सत्तावीस वर्षांचा साचलेला क्रोध बोलला!

"दिला! प्रत्येक दिला! पोराने थुंकलं तर डॉक्टरांना फोन करून विचारलं, पुन्हा देऊ का म्हणून! आणि तू, सुदेश... तिला माझी खात्री नव्हती, ती कालची आली. पण तू? तुला मी भरवलं रे! तुझ्या सर्दीपडशाला रात्र रात्र जागले! आणि तू अंगठ्याकडे बघत बसलास? त्या टकल्याशी लग्न केलं असतं तर आज चष्म्याच्या दुकानाची मालकीण असते मी!"

बाहेर बाकावर गंगुबाई नावाच्या आजी ब्लडप्रेशर मोजायला बसल्या होत्या. त्यांनी दार किलकिलं केलं. "बोल गो बाय, थांबू नको!" त्या म्हणाल्या. शेजारी बसलेल्या, अंगठ्याला पट्टी बांधलेल्या माणसाने डोळे पुसले.

सुदेश हुंदके देत बहिणीच्या पायांशी वाकला. रसिकाही वाकली. डॉक्टरांची खोली लहान असल्यामुळे दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

"ताई, मला माफ करा... मी तुमच्यावर..."

"रडू नका!" मंजुळा कडाडली. "पोर तापलंय. आधी पाणी उकळा!"

डॉक्टरांनी नवीन बाटली लिहून दिली. पहिल्यापासून पाच दिवस. "ताप उतरला तरी पाच दिवस. उरलंसुरलं पुढच्या दुखण्याला ठेवायचं नाही, शेजारच्या मुलाला द्यायचं नाही. अंगावर पुरळ आलं किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच इकडे."

त्या संध्याकाळी घरात पाणी उकळलं आणि गार होईपर्यंत तिघं पातेल्याभोवती बसून राहिली. मग रसिकाने बाटली डोळ्यांसमोर धरली, आणि सुदेशने पाणी घातलं. अर्धं. हलवलं. पुन्हा घातलं. बाणाजवळ येताच त्याने धार बारीक केली. बाणाच्या वर दोन बोटं रिकामी जागा होती आणि भांड्यात पाणी शिल्लक होतं. आयुष्यात प्रथमच त्याने ते तिथे थांबवलं... कपाळावर घाम आला होता.

मंजुळाने आठचा डोस दिला. मग पिशवी कपाटावर ठेवली. उघडली मात्र नाही.

"ताई, राग गेला ना गं?" सुदेशने भीत भीत विचारलं.

"माझा राग पाच दिवसांचा आहे," ती म्हणाली. "सकाळी आठ, रात्री आठ. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचा नाही. मागच्या वर्षी औषध सोडलेलं, तर दुखणं दुपटीने उलटलेलं."

आणि तिने तो पाळला! सर्वेशला टोपीभर औषध पाजून झालं, की ती भावाला आणि भावजयीला समोर उभं करून माप घेऊन रागवे. दुसऱ्या दिवशी सत्तावीस वर्षांचं सगळं काढलं. तिसऱ्या दिवशी सर्वेशचा ताप उतरला, राग चालूच. चौथ्या दिवशी रसिका ऑफिसातून अर्धा तास लवकर आली, का, तर राग चुकायला नको. तीही आता कॅलेंडरवर खुणा करत होती. औषधाची एक आणि रागाची एक.

पाचव्या दिवशी रात्री आठ वाजता शेवटचा डोस झाला. सर्वेशने तोंड वाकडं केलं, पाणी प्यायला आणि उड्या मारत पलंगावर गेला. आता शेवटचा राग. मंजुळाने दोघांना समोर घेतलं, तोंड उघडलं... आणि काही आठवेना. छाती रिकामी झाली होती. डोळ्यांत मात्र पाणी भरत चाललं होतं.

तेवढ्यात नळाला पाणी आलं. सुदेश सवयीने धावला. मंजुळा मागोमाग गेली, आणि बघते तो काय! पहिला हंडा दोन बोटं कमी. कळशी दोन बोटं कमी. कुकर, थर्मास, पिचकारी, सगळं दोन बोटं कमी! भाऊ मान खाली घालून, मुकाट्याने, प्रत्येक भांड्याला न दिसणाऱ्या बाणापाशी थांबत होता.

मंजुळाचा शेवटचा डोस सापडला.

"अरे गाढवा!" ती ओरडली, "हंडा म्हणजे काय औषधाची बाटली आहे? उद्या पाणी यायचं नाही! काठोकाठ भर!"

सुदेशने वर पाहिलं. मग तो हसला, रडला आणि हंडा नळाखाली सरकवला. पाणी काठापर्यंत आलं, काठावरून सांडलं, तिच्या पायांवर आलं, तरी त्याने नळ बंद केला नाही. आणि पाण्याचा एक थेंब वाया गेला तर सात पिढ्या उद्धरणारी मंजुळा, त्या दिवशी काही बोलली नाही.

आत रसिकाने कपाटावरची पिशवी काढली होती आणि दोन्ही साड्यांच्या घड्या घालून त्या परत फळीवर ठेवत होती.