पत्रा वाजवला

मी मेघा. जळगावला पिंप्राळ्यात राहते, औषधांच्या दुकानात काम करते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे हे मी का लिहितेय, असं वाटेल. लिहितेय कारण शेवटचा भाग मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय. बाकीचं माझ्या मावसबहिणीचं आहे, हेमांगीचं. तिने मला सांगितलं तसंच सांगते. फक्त गावाचं नाव देत नाही. शिरपूरहून बारा किलोमीटर, तापीकाठी, एवढं पुरे.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. मंगळवारची पहाट, पावणेसहाची वेळ.

गावातली पाच पोरं पोलीस भरतीची तयारी करत होती. हेमांगी तेवीस वर्षांची, पाचांत तीच एकटी मुलगी. शिकवायला धनसिंगआबा होते, फौजेतून निवृत्त झालेले. गुडघा गेलेला, पण शिट्टी तेवढीच कडक.

पळायचा रस्ता ठरलेला होता. मारुतीच्या पारापासून निघायचं, दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागांमधून सरळ जायचं, पाटचारीच्या मोरीवरून, म्हणजे पाण्याच्या चारीवरच्या लहानशा पुलावरून, वळायचं आणि परत यायचं. जाऊन येऊन सोळाशे मीटर.

मोरीजवळच्या निंबाला ठिबकच्या नळ्यांची जाहिरात केलेला एक पत्रा ठोकलेला होता. त्या पत्र्यावर प्रत्येकाने तळहात आपटायचा आणि मगच वळायचं. हिवाळ्यात तापीवरून धुकं येतं. पारावरून दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. पण आवाज येतो. आबा डोळे मिटून मोजायचे.

धप्… एक.

धप्… दोन.

पाच आवाज झाले की आबांचं समाधान व्हायचं. कुणी अर्ध्यातून परत फिरला नाही, एवढीच खातरजमा. याला पोरं म्हणायची, पत्रा वाजवला.

त्या मंगळवारी नवल हेमांगीच्या बरोबरीने पळत होता. वीस वर्षांचा, गावात सगळ्यांत उंच पोरगा. आई प्रमिलाबाई, घरात दोघंच. अर्ध्या वाटेत तो एकाएकी मागे पडला. हेमांगीने वळून पाहिलं. तो छातीवर हात ठेवून उभा होता.

"हेमाक्का, मन्हा पत्रा आज तू वाजाडी दे," तो म्हणाला. "छातीमा कसंतरी व्हई राहिनं. मी आठेच उभा राहस. आबाले नको सांगू."

तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. पोरं एकमेकांसाठी असं अधूनमधून करायची. आबांच्या शिव्या कोण खाणार?

ती सगळ्यांत शेवटी मोरीवर पोचली. पत्र्यावर हात आपटला. क्षणभर थांबली.

पुन्हा आपटला.

धप्… धप्.

परत येताना त्या जागेवर नवल नव्हता. गेला असेल बांधाबांधाने घरी, असं तिला वाटलं. पारावर आबा म्हणाले, "पाच पुरा. नवल कथा गया?" ती म्हणाली, "घर गया व्हई."

नऊ वाजता केळी कापायला आलेल्या मजुरांना तो सापडला. बागेत, दोन ओळी आत. केळीच्या एका खांबाला टेकून बसलेला. गारठलेला.

डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर कदाचित वाचला असता.

तासभर आधी. आबांना चारच आवाज आले असते तर तेव्हाच शोधाशोध झाली असती.

हे हेमांगीने कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, मला नाही. दहाव्याला ती प्रमिलाबाईंच्या शेजारी बसली होती. त्या एकच वाक्य घोकत होत्या, "मोरीलगून गया मन्हा पोऱ्या, तठलगून ठीक व्हता." मोरीपर्यंत तरी तो ठीक होता, एवढाच त्यांना आधार. हेमांगीने मान खाली घातली. तोंड उघडलं असतं तर गाव तिला काय म्हणालं असतं, याची भीती होती. आणि खरं सांगायचं तर भरतीचीही चिंता होती. मला तिचा राग येतो. पण तिच्या जागी मी काय केलं असतं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

दहा महिने तो रस्ता बंद होता. दिवाळीनंतर भरतीची जाहिरात आली आणि आबांनी पुन्हा शिट्टी काढली. नवलच्या जागी हेमांगीची धाकटी बहीण आली, रत्ना. पुन्हा पाच.

डिसेंबरातली गोष्ट. हेमांगी त्या दिवशी सगळ्यांच्या मागे होती. पत्रा वाजवून वळली. वीसेक पावलं गेली असेल…

धप्.

मागे कुणीच नव्हतं. शेवटची तीच होती.

ती जीव खाऊन पळाली. पारावर आबा डोळे चोळत उभे होते. "सहा? पाच जन शेत तुम्ही. कोनी दोनदा वाजाडा रे?"

पोरं हसली. हेमांगीला हसता आलं नाही.

त्यानंतर ती कधीच मागे राहिली नाही. सगळ्यांच्या पुढे पळायची. तिची वेळ सुधारली. आबा तिचं कौतुक करायचे. ती कशामुळे पळतेय, ते त्यांना काय माहीत.

मग जानेवारी आला. गुरुवार होता. धुकं इतकं दाट, की स्वतःचे बूट दिसत नव्हते.

हेमांगी सर्वांत आधी परतली. मागून तिन्ही पोरं आली. आबा म्हणाले, "पाच झाया. चाला घर."

"आबा, रत्ना?"

"ई जाई. पाच ऐकनू मी. पत्रा वाजाडा तिनी."

पोरं बूट काढून चपला शोधायला लागली. हेमांगी जागची हलली नाही. रस्त्यावर पावलांचा आवाज येत नव्हता. एकही नाही. बागेच्या कडेचा पंपसुद्धा बंद होता.

पाच आवाज म्हणजे पाच माणसं नव्हेत. हे त्या पारावर फक्त तिला ठाऊक होतं.

ती धुक्यात पळत सुटली. ती मला म्हणाली, आयुष्यात तशी मी कधीच पळाले नाही. पोरं मागून हाका मारत आली.

रत्ना अर्ध्या वाटेवर सापडली. दोन दिवस अंगात ताप होता, तो तिने घरी लपवला होता. चक्कर येऊन ती रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत पडली होती. कपाळ लोखंडी वॉल्ववर आपटलेलं, केस पाण्यात. पाणी तोंडापासून चार बोटांवर होतं.

जिवंत होती.

दोघांनी तिला उचलून नेलं. तिसरा पोरगा जरा धीट. तो मोरीपर्यंत गेला आणि पांढराफटक होऊन परत आला. पत्र्यावर दव जमलं होतं. दवात हात उमटलेले होते. त्याने मोजले.

पाच.

चार एका रांगेत. पाचवा वीतभर वर. पळता पळता तिथे त्यांच्यातल्या कुणाचाही हात पोचत नव्हता.

रत्ना तर मोरीपर्यंत गेलीच नव्हती.

शिरपूरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. उशाशी हेमांगी होती. प्रमिलाबाईही आल्या होत्या, मोसंबी सोलून फोडी काढत बसल्या होत्या. गावातलं कुणीही आजारी पडलं की त्या यायच्या. नवल गेल्यापासून जरा जास्तच.

हेमांगीने विचारलं, काय झालं होतं गं?

"माले चक्कर ऊनी," रत्ना हळूहळू सांगू लागली. "मी थांबनू. मांगेथून एक जन ऊना. उच्चा व्हता. धुकामा तोंड नही दिखनं. माले वाटनं आपलाच कोनी पोऱ्या शे. मी म्हंतं, दादा, मन्हा पत्रा वाजाडी दे."

"मंग?"

"तो म्हने, वाजाडस." रत्नाने बहिणीकडे पाहिलं. "म्हने, हेमाक्कानी बी मन्हा वाजाडा व्हता."

प्रमिलाबाईंच्या हातातली फोड तशीच राहिली.

रत्नाला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. ती पुन्हा झोपली.

"हेमा," प्रमिलाबाई म्हणाल्या, "खरं शे का?"

हेमांगीने मान हलवली. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

"वरीसपासून रोज सकायले मन्हा दारवर हात पडस," प्रमिलाबाई म्हणाल्या. "एकच दाव, धप्. मी उघाडस, कोनी नही राहस. माले वाटे, पोऱ्या घर ऊना." त्या थांबल्या. "तू त्याच दिनले सांगी देती तं…"

त्या उठल्या. उरलेल्या फोडी रत्नाच्या उशाशी ठेवल्या, पदराला हात पुसला आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या हेमांगीशी बोललेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारावर हात पडायचा थांबला. त्यासाठी त्या किती रडल्या, हे शेजारच्यांनी सांगितलं.

पत्रा पोरांनी काढून टाकला. रत्नाने पळणं सोडलं. हेमांगी मात्र भरती झाली. आता ती धुळ्याला असते, पोलीस लाईनमध्ये, एका खोलीत. मी गेल्या महिन्यात तिच्याकडे दोन दिवस राहायला गेले होते. हे सगळं तिने मला पहिल्याच रात्री सांगितलं. मी तिला म्हटलं, अपराधी वाटतंय तुला, म्हणून डोक्यात असले खेळ चालतात. रत्ना तापात बडबडली असेल, पोरं हात मोजताना चुकली असतील. गोळ्या लिहून घे आणि नीट झोप.

तिने दिवा घालवला.

पहाटे मला जाग आली. मोबाईलमध्ये पाहिलं. पाच चव्वेचाळीस. बाहेर अजून अंधार होता. लाईनीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

तिच्या खोलीचं दार लोखंडी पत्र्याचं आहे.

धप्.

दाराच्या अगदी वरच्या बाजूला.

मी उठून बसले. हेमांगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला जाग होती. पांघरुणाची कड तिने मुठीत घट्ट धरली होती. क्षणभर थांबून दारावर पुन्हा हात पडला.

"मोजू नकोस, मेघा," ती म्हणाली.

पण तोवर माझं मोजून झालं होतं.

दोन.