भट्टीपुढचे सात

नौदलाच्या कचेरीत पदकांच्या खिडकीवर मी बसले ती तिथल्या बाईंची दाढ दुखत होती म्हणून. पहिलाच माणूस आला तो तणतणत. रुंद खांदे, मनगटांवर भाजल्याचे डाग, आणि डोळे... असो.

नौदलात बारा वर्षं तो स्टोकर होता. म्हणजे जहाजाच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा लोटणारा. मोहिमेचं पदक जहाजावरच्या न्हाव्यालाही मिळालं, भट्टीवरच्या या सात जणांना नाही. लढाईच्या दिवशी हजेरी वर डेकवर घेतली आणि खालचे सातही जण गैरहजर लागले. सातांच्या वतीनं हा अर्ज घेऊन आला होता.

"हजेरीला वर का आला नाहीत?" मी नियमाप्रमाणे विचारलं.

"आलो असतो तर जहाज थांबलं असतं, बाई. मग हजेरी शत्रूनंच घेतली असती."

हसू आलं, ते दाबायला मी उगाच दोन कागदांवर शिक्के मारले. तो आणखी भडकला. पुढच्या आठवड्यात बाईंची दाढ बरी झाली... पण मी काही खिडकी सोडली नाही.

सात महिने भांडलो. तो माझ्याशी, मी साहेबांशी. खाली माणसं होती याला पुरावा काय, असं साहेब म्हणाले, तेव्हा जहाजाची नोंदवहीच त्यांच्यापुढे आपटली. अकरा तास जहाज पूर्ण वेगात होतं. तर कोळसा आपणहून भट्टीत उड्या मारत होता, एवढं लेखी द्या, म्हटलं. लेखी द्यायचं म्हटलं की साहेबांना घाम फुटतो. एका नावावर सही करतो, म्हणाले. मी एक नाव दिलं.

पदक आलं. रुमालानं पुसून मी ते पुढे सरकवलं. त्यानं हातही लावला नाही.

"बाकी सहा?"

मी साहेबांची अट सांगितली.

"सगळे एकाच भट्टीपुढे भाजलो. मग माझंच नाव का दिलंत?"

आता मात्र माझंही डोकं फिरलं.

"बाकीचे सहा माझे कोण लागतात?"

मागची टाइपयंत्रं थांबली. मग त्यानं पदक हळूच माझ्याकडे ढकललं. सातही आली की घेईन, तोवर तुमच्याकडे राहू द्या, म्हणाला. आणि सहा कोरे अर्ज मागितले.

"साडेतीन वर्षं लागतील," मी म्हटलं.

"लागू देत. पण तेवढे दिवस या खिडकीतून बोलणं मला जमायचं नाही... तुमच्या घरी कुणाला भेटायचं?"

"वडिलांना," मी रागानंच म्हटलं. "आणि तिथे आवाज चढवायचा नाही."