मागची सीट

सिस्टरच्या गाडीचं दुखणं साधंच होतं, पण हाताला लागत नव्हतं. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, घरघरायचं, आणि पेट मात्र घ्यायचं नाही. तेही रोज नाही. एरवी सुतासारखी चालणारी गाडी मध्येच एखाद्या घरासमोर अडून बसायची. सिस्टर बिचाऱ्या पायी घरी जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री हत्यारं घेऊन तिथे पोचला की किल्ली फिरवताच सुरू. दवाखान्याची पायरी चढली की पोट दुखायचं थांबतं, त्यातली गत. मिस्त्री हसून म्हणायचा, चोर समोर सापडल्याशिवाय मी आळ तरी कुणावर घेऊ?

सिस्टर घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं बघायच्या. जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, सुया देणं. मिस्त्रीच्या वडिलांचा पाय घसरून दुखावला होता, म्हणून त्याच्याकडेही त्यांची फेरी असायची. गॅरेजच्या मागेच त्याचं घर. त्या दुपारी त्या पट्टी करून बाहेर आल्या, जखम छान भरतेय म्हणाल्या, पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि किल्ली फिरवली.

इंजिन फिरत राहिलं. फिरतच राहिलं.

मिस्त्री हातातलं काम टाकून धावला. एवढ्या दिवसांनी चोर त्याच्याच दारात सापडला होता. बॅटरी ठणठणीत होती. प्लग काढून बघितला, ठिणगी निळीशार पडत होती. मग राहिलं पेट्रोल. त्यानं सिस्टरना किल्ली नुसती अर्धी फिरवायला सांगितली आणि कान देऊन ऐकलं. पेट्रोलचा पंप किल्ली दिल्याबरोबर क्षणभर गुणगुणतो. इथे काही नाही. उन्हात तापलेला पत्रा तेवढा कुठेतरी तडकन वाजला.

त्या गाडीचा पंप मागच्या सीटखाली होता. मिस्त्रीनं सीटची एक कड उचलून आत बघितलं. पंपाला वीज देणारी वायर जिथे जोडली होती ते सॉकेट जळून काळं पडलं होतं, ढिलंही झालं होतं. त्यानं सीट परत बसवली आणि वरून तळव्यानं जोर दिला. पंप गुणगुणला. हात काढला, गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा गुणगुणला.

त्याला अगदी हलकं वाटलं. सिस्टरना त्यानं ते करून दाखवलं. म्हणाला, "बघा, एवढंच आहे. मागे कोणी बसलं की वजनानं वायर टेकते आणि गाडी सुरू होते. सीट रिकामी असली की नाही होत."

सिस्टरनी वळून रिकाम्या मागच्या सीटकडे बघितलं.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "माझ्या गाडीत मागे कधीच कोणी बसत नाही."

तो हसायला गेला, पण हसू ओठांवरच राहिलं. पिशवी मागे ठेवत असाल, असं त्यानं सुचवलं. पिशवी नेहमी पुढेच, त्या म्हणाल्या, आणि मागचं दार तर कित्येक दिवसांत उघडलेलं नाही. मग एवढे दिवस ही गाडी चालली कशी, हे दोघांनीही विचारलं नाही. रस्त्यावरून कोणी सायकल दामटत गेलं. त्या घंटीनं दोघंही दचकले.

सिस्टर अजून स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. त्यांची नजर कुठेतरी लांब लागली होती, आणि बोटं एकेक करून मिटत होती, जणू घरं आठवत होत्या.

"जिथे जिथे बंद पडली ना…" त्यांचा आवाज खाली आला. "वळणावरच्या त्या आजी. शिंपीकाका. बँकेतल्या साहेबांची बायको… मी पायी परत आले, आणि सकाळी निरोप आला. दर वेळी. मग तुम्हाला घेऊन गाडीपाशी गेले की लगेच सुरू."

मिस्त्रीला अर्थ कळायला क्षण लागला. मागच्या सीटवर जी कोणी बसायची, ती सिस्टरबरोबर यायची आणि बरोबरच परत जायची. एखाद्या घरी मात्र मागे राहायची.

आज गाडी त्याच्या दारात अडली होती.

तो तसाच घराकडे धावला. खिडकीतूनच बघितलं. वडील पलंगावर उशीला टेकून बसले होते, डोळे उघडे, ओठ हलत होते. खोलीत दुसरं कोणी दिसत नव्हतं. आत जायला पाय उचलेना. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, तो उलट्या पावली गाडीपाशी आला, मागचं दार सताड उघडलं आणि बाजूला उभा राहिला. पाहुण्यांसाठी धरतात तसं.

"चला…" तो म्हणाला. "उशीर होतोय. चला…"

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग गॅरेजच्या बाजूनं रुग्णाच्या खोलीतला तो औषधाचा, शिळा वास आला आणि त्याला घासून पुढे गेला. सीट हळूच दबली. किल्ली अर्धी फिरलेलीच होती. पंप गुणगुणला.

त्यानं दार लावलं. लावताना हात जितका लांब धरता येईल तितका धरला.

"पुढे कुणाकडे जायचंय?" त्यानं विचारलं आणि लगेच मान खाली घातली. आपण काय केलं ते त्याला तेव्हा उमगलं.

"कुणाकडे नाही," सिस्टर म्हणाल्या. "सरळ घरी."

"घरी कोण असतं?"

"मी एकटीच."

त्यांनी आरसा वर वळवून छताकडे केला आणि सेल्फ मारला. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मिस्त्री बघत उभा होता.

मग तो आत गेला. वडिलांच्या गालावर रंग होता. त्यांनी पाणी मागितलं, घटाघटा प्यायले, पाय दुखत नाही म्हणाले. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. तो पलंगाशी जमिनीवरच बसला आणि वडिलांचा हात हातात घेऊन राहिला.

"गेल्या का रे त्या बाई?" वडिलांनी विचारलं.

"सिस्टर? गेल्या."

"सिस्टर नव्हे रे, दुसऱ्या. बोलत बसलो होतो आम्ही. चांगल्या होत्या, पण घाईत उठल्या." वडील उशी सारखी करून आडवे झाले. "म्हणाल्या, गाडीचं काही खरं नाही. आता घर पाहिलंय, पुढच्या वेळी चालतच येईन."