मागच्या सीटवरचं बोलणं

ही हकिकत खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण ज्यांच्यावर ती गुदरली ते माझे मामा तिखटमीठ लावून बोलणाऱ्यांपैकी नाहीत.

रात्र नव्हती. नोव्हेंबरातला मंगळवार, दुपारचे अडीच.

जागा म्हणजे मामांचं गाड्यांच्या वायरिंगचं वर्कशॉप. पत्र्याचं छप्पर, एक शटर आणि एका वेळी एकच गाडी मावेल एवढी जमीन.

त्या दिवशी आत साठ वर्षांपूर्वीची एक काळी गाडी उभी होती. मालक निवृत्त वकील. पुढच्या दारात स्पीकर होता, पण त्यांना मागेही दोन हवे होते. मात्र गाडीत नवं असं काही दिसता कामा नये, ही अट. म्हणून मामांनी मागच्या काचेखालच्या फळीत, जुन्या कापडाआड स्पीकर बसवले आणि तारासुद्धा जुन्या पद्धतीच्या, तपकिरी सुती वेष्टणाच्या वापरल्या.

सगळ्या एकाच रंगाच्या. तिथेच घोळ झाला.

मामी डबा घेऊन आल्या होत्या. जेवण उरकल्यावर मामा म्हणाले, “अगं, जरा मागे बस आणि गाणं नीट ऐकू येतंय का सांग.”

मामी बसल्या. डाग पडू नयेत म्हणून सीटवर प्लॅस्टिक अंथरलं होतं, ते चुरचुरलं. मामांनी पुढे बसून बटण फिरवलं.

गाणं लागलंच नाही.

“अहो, गाणं कुठंय?” मामींनी विचारलं. तो प्रश्न मामांना दोनदा ऐकू आला. एकदा मागून, एकदा पुढच्या दारातल्या स्पीकरमधून.

मामांनी कपाळावर हात मारला. तारांची अदलाबदल झाली होती. स्पीकरच्या तारा आवाज बाहेर सोडणाऱ्या टोकांऐवजी आवाज आत घेणाऱ्या टोकांना लागल्या, की तो बोलत नाही, ऐकतो. मागे जे होईल ते आता पुढे ऐकू येणार होतं.

“एकवीस वर्षांत माझं बोलणं आज तुमच्या कानांपर्यंत पोचलं म्हणायचं!” मामी म्हणाल्या. “राहू द्या असंच.”

“हे बंद करायला बटण आहे, एवढाच फरक.”

“असू दे, असू दे. डबा धुऊन येते, मग बसते पुन्हा.” हसत हसत त्या उतरल्या आणि मागच्या नळाकडे गेल्या. गाडीचं मागचं दार उघडंच राहिलं.

मामा तारा काढायला वाकले.

पुढच्या स्पीकरमधून… प्लॅस्टिक चुरचुरलं.

मामांनी आरशात पाहिलं. सीट रिकामी. प्लॅस्टिक सपाट पडलेलं.

पुन्हा चुरचुर… कुणीतरी सरकून जागा करून द्यावी, तशी.

मामा मान वळवून पाहत राहिले. प्लॅस्टिक हलत नव्हतं. मागून काहीही ऐकू येत नव्हतं. आवाज येत होता तो फक्त पुढच्या स्पीकरमधून. तार सैल असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. पत्रा तापला असेल.

मग श्वास ऐकू आला. संथ, लांब…

आणि मग बोलणं. बाईचं की पुरुषाचं, ते मामांना आजही सांगता येत नाही. घरातल्या माणसाला सहज एखादं काम सांगावं, तशा सुरात.

“ती बसली की… दार लाव.”

म्हणजे मागे दोघं होते.

मामी रुमालाला हात पुसत आल्या. एक पाय आत टाकला.

“बसू नकोस!”

“आता काय झालं? मघाशी बस म्हणत होतात, आता—”

मामींचं वाक्य तुटलं. मामा उडी मारून बाहेर आले, त्यांनी मामींचा उजवा हात धरला आणि ओढला. मामींचं वजन जेमतेम पन्नास किलो. पण त्या जागच्या हलेनात. मामांनी दोन्ही हात लावले, टाचा रोवल्या…

आणि एकदम दोघंही जमिनीवर कोसळले.

दार धाडकन लागलं. कुणीही लावलं नव्हतं.

मामी कोपर धरून विव्हळत होत्या, त्यांना पुढचं ऐकू गेलं नाही. मामांना गेलं. पुढच्या उघड्या दारातून, अगदी स्पष्ट.

“ही नव्हे.”

मामांनी बॅटरी सोडवली. तासाभरानं शटर पूर्ण वर करून, मामींना बाहेर रस्त्यावर स्टुलावर बसवून, त्यांनी तारा सरळ जोडल्या.

संध्याकाळी, मामी घरी गेल्यावर, वकीलसाहेब आले. मामांनी काही लपवलं नाही. साहेब खाली पाहत ऐकत होते. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत.

“नेमके शब्द सांगा,” ते म्हणाले.

मामांनी सांगितले. साहेबांनी चेहरा पुसला.

“आता तारा सरळ आहेत ना?”

“हो.”

“मग झालं.”

त्यांनी आतला आरसा छताकडे वळवला आणि गाडी नेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी कपड्यांच्या घड्या घालता घालता मामी म्हणाल्या, “अहो, त्या दिवशी तुमच्या ओढण्यानं मी बाहेर आले नाही हं.”

“म्हणजे?”

“माझा डावा हात आतून कुणीतरी धरला होता. गच्च. तो सोडला, तेव्हा मी आले.” त्या घडीवर हात फिरवत राहिल्या. “का सोडला असेल हो?”

मामांनी पुढचा कपडा घडीला घेतला.

ते दोन शब्द त्यांनी मामींना अजून सांगितलेले नाहीत. सांगितले, तर मामी विचारतील… मग कोण?