न पडणारा सादडा

मला एक सरळ, जाड, आतून धडधाकट असं सादड्याचं झाड हवं होतं. एकाच खोडाचा डोंगा कोरायचा, तो पैनगंगेत सोडायचा आणि आषाढातल्या पुरातून माझ्या हलीमाला माहेरी आणायचं, एवढंच काम!

हलीमा पहिलटकरीण. तिचं सासर नदीपलीकडे, इंग्रजांच्या वऱ्हाडात. आम्ही साखऱ्याचे, निजामाच्या अमलातले. सातव्या महिन्यातला सातवाशाचा सोहळा झाला की सून धाडू, असं तिचे सासरे फारुकमियाँ म्हणाले. सातवा लागणार नेमका आषाढात, आणि घाटावरचा डोंगा गेल्याच पुरात फुटून वाहून गेलेला. मग बाळंतपण इथंच होऊ द्या, असं ते सहज बोलून गेले. माझं डोकं फिरलं. सुताराला डोंग्याची अडचण सांगता? चार माणसांत मी बोलून बसलो, की लेकीला नेईन तर माझ्या हातच्या डोंग्यातूनच!

म्हणून वैशाखाच्या उन्हात आम्ही तिघं रानात शिरलो. मी, तांड्यावरचा माझा दोस्त नेमसिंग आणि त्याची बायको रूपाबाई. सोबत त्यांची बैलजोडी. रूपाबाई पळसवेलीच्या सालीचे दोर वळायची, त्यामुळे तिला रानातली वेलन्‌वेल ठाऊक. मला मात्र वेलींचं काही कौतुक नव्हतं.

पहिल्याच दिवशी पाण्याची पखाल काट्याला लागून फाटली. दुसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळीनं माझं मुंडासं ठेवून घेतलं. बैल नाल्यात उतरेनात. उतरले तर चढेनात. आणि जिथं तिथं पायात वेली! नेमसिंग कौतुकानं सांगत होता, की पळसवेल लहानपणी कोवळ्या झाडाला बिलगते, झाडाबरोबर वर जाते आणि ऊन गाठलं की शेजारच्या शेंड्यावर सरकते. मी त्याला म्हटलं, दोस्ता, तू पाणी शोध.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका खोल ओढ्याकाठी सादडा दिसला. काय झाड होतं! मी खोडावर थाप मारली, कवेत घेऊन पाहिलं आणि कुऱ्हाड काढली. रूपाबाई मात्र मान वर करून उभी होती.

"वर पाहा, अन्सारभाई," ती म्हणाली. "या पळसवेलीनं पाच झाडं एकात बांधल्यात. आधी वेल तोडा. एक पावसाळा जाऊन ती सडू द्या. मग झाड."

एक पावसाळा! माझ्या हातात अवघे दोन महिने होते. शिवाय, खरं सांगायचं तर, उभं झाड मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. आयुष्यभर लाकूड माझ्यासमोर आडवं पडून आलेलं.

दुपारपर्यंत नेमसिंग आणि मी आलटून पालटून घाव घातले. शेवटी कडाड आवाज झाला. आम्ही बाजूला पळालो. सादडा बुंध्यावरून वीतभर सरकला, टेकला आणि उभा राहिला. पुरता तुटलेला, तरी उभा!

मी मांडीएवढी जाड वेल खालून तोडली. तांबडा चीक अंगभर उडाला, पण वर तिची पकड तशीच. मग दोर बांधून बैल जुंपले. नेमसिंगनं हाकारा दिला. दोर ताणला. वर वेल करकरली. सादडा हलला! मी आनंदानं ओरडलो.

आणि मागं काहीतरी मोडलं.

वीस पावलांवर एक वाळून गेलेला धावडा होता. त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. वेलीचं दुसरं टोक त्याच्या शेंड्यात होतं! तो आमच्याकडे कलला. रूपाबाई धावली. विळ्याच्या एका घावात तिनं दोर कापला. बैल उधळले. नेमसिंगनं मला ढकललं, मी ओढ्यात कोसळलो आणि जिथं बैल उभे होते तिथं धावडा आदळला. धुळीनं काही दिसेना.

धूळ बसली तेव्हा आम्ही तिघं जिवंत होतो. सादडाही उभा होता. मला रडू आलं, संतापानं की भीतीनं, कोण जाणे.

रूपाबाईनं मला पाणी दिलं आणि नदीला आता किती पाणी आहे, असं विचारलं. मी म्हटलं, गुडघाभर.

"मंग पोरीला आत्ताच काहून आनत न्हाई?"

मी सातवाशाचं सांगितलं. त्याआधी पोरीला मागायचं तर व्याह्यांपुढं हात जोडावे लागतील, तेही चार माणसांत फुशारकी मारल्यावर.

"जोडा की," ती म्हणाली. "माह्या नवऱ्याचा जीव चालला व्हता आत्ता तुमच्या डोंग्यापायी."

मी कुऱ्हाड उचलून खांद्यावर टाकली. निघण्याआधी तिनं त्या रानातल्या आणखी तीन वेली बुडातून तोडून ठेवल्या, पुढच्या साली झाडं सुटी मिळावीत म्हणून.

चार दिवसांनी मी फारुकमियाँपुढं हात जोडले. पोरीला आत्ताच धाडा, सातवासा आमच्याकडे करू द्या, म्हटलं. त्यांनी हुक्का बाजूला ठेवला. "मग हे आधीच काहून न्हाई बोलले?" इतकंच! मी स्वतःच्याच थोबाडीत मारायचा राहिलो.

नेमसिंगची बैलगाडी गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडत होती. हलीमा कडबा अंथरून आरामात बसली होती. मध्यावर आल्यावर तिनं इकडं तिकडं पाहिलं.

"अब्बा, डोंगा कुठंय?"

"रानात," मी म्हटलं. "अजून उभाच हाय."