लच्छूचा तुटका कुकारा

मूल या तालुक्याच्या गावी मी नातीचा टॅब दुरुस्त करायला गेलो होतो, एवढंच. बाकी जे काही गावात सांगतात त्यातलं अर्धं शेजारच्या चंदाबाईनं वाढवलेलं आहे. उरलेलं अर्धं सांगतो, जरा कंदिलाजवळ सरकून बसा. भ्यायचं असेल तर आत्ताच भिऊन घ्या, नंतर माझ्या अंगणातून एकट्यानं जायचं आहे तुम्हाला.

नात दिव्यानी गडचिरोलीला नर्सिंग शिकते. टॅबची चार्जिंगची पिन ढिली झाली म्हणून तो घरी टाकून गेली. जाताना म्हणाली, "आबाजी, प्रवीणभाऊकडून दुरुस्त करून ठेवा. आन् त्यात बोटं घालू नोका." बोटं घालू नका म्हटल्यावर मी काय करणार, हे तिला कळायला हवं होतं. नात माझीच आहे.

हा प्रवीण मोबाइल दुरुस्त करतो आणि धान कापून झाले की नाटकांत ऑर्गन वाजवतो. मीही जवानीत त्याच नाटकांत पडद्यामागं बसून आवाज काढायचो. वादळ, घोडा, जनावर, अडलेली बाळंतीण. बाळंतिणीला टाळ्या पडायच्या. शाळा चौथीपर्यंत, पुढं गुरुजीच म्हणाले, मुखरू, तुझा आवाज शाळेला पुरे झाला.

पिन बसवून प्रवीणनं टॅब चालू केला. "बाबाजी, हे पाहा. नवीन सापडलं मले. आवाज बनवाचं ॲप."

"आवाज बनवाले तोंड हाय नं माहं."

"तुमचं तोंड एकच हाय. याच्यात पायजे तेवढे तोंडं."

त्यानं बोट फिरवलं तसे काचेवर डबे उभे राहिले, विजेच्या मीटरसारखे. प्रत्येकाला भोकं आणि पिळायच्या चकत्या. भोकातून भोकात वायर ओढायची. नुसते डबे मुके. वायर जोडली की बोलतात. प्रवीण त्यांची इंग्रजी नावं सांगत होता, मी माझी ठेवली. एक डबा नुसता गुणगुणायचा, तो भुंगा. दुसरा त्या गुणगुणण्याला वर-खाली न्यायचा, तो झुला. तिसरा आवाज आत-बाहेर सोडायचा, ते दार. चौथा आवाजाला खोल नेऊन घुमवायचा, ती विहीर. एक घड्याळ होतं, ते लावलं की दार थोड्या थोड्या वेळानं आपोआप उघडायचं. आणि कोपऱ्यात एक डबा, बाहेरचं ऐकणारा. तो कान. "याची गरज नाई तुमाले," प्रवीण म्हणाला, म्हणून त्याला मी हात लावला नाही. कधीच लावला नाही. हे लक्षात ठेवा.

मी तो टॅब घरी आणला आणि दोन दिवस गावाला छळलं. डुक्कर काढलं, बेडूक काढला, सुगंधाचं घोरणं काढलं. सुगंधा म्हणजे आमची घरवाली. ती म्हणाली, "मी अशी घोरत नाई." शेजारच्यांनी सांगितलं, घोरते.

तेवढ्यात मोह गळायला लागला.

आमच्याकडं मोहफुलं वेचायला बाया उजाडता उजाडता रानात जातात. एकेक बाई एकेका झाडाखाली, वाकलेली. वाकलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही, म्हणून एकमेकींचा पत्ता राहावा यासाठी कुकारा मारायचा. कूऽऽ. ऐकणारीनं लगेच उलट कूऽऽ द्यायचं. प्रत्येकाचा कुकारा वेगळा. माझा निघतो आणि शेवटी मलाच हसू फुटतं, आवरतच नाही. चाळीस वर्षं सुगंधा त्या हसण्यावरून मला ओळखते. मी फाट्यावरून कुकारलो की ती चुलीपुढून "कूऽऽ" देते आणि भाताला आधण ठेवते.

आणि लच्छूचा कुकारा मधेच तुटायचा. त्याच्या गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. कूऽ म्हणायचा, खर्रा या गालातून त्या गालात सारायचा, मग उरलेला ऊऽऽ. लच्छू माझा जोडीदार. गावातली एकही मस्करी आम्ही दोघांनी एकमेकांशिवाय केलेली नाही. दोन मोहांपूर्वी तो नाल्यापलीकडं फुलं वेचायला गेला. दुपट्टा मिळाला, टोपली मिळाली, पळसाच्या पानावर नीट रचलेली मोहफुलांची रास मिळाली, वर दगड ठेवलेली. त्याची सवयच ती. वारा काय नेणार होता, पण दगड ठेवायचाच. तेवढं मिळालं. लच्छू मिळाला नाही.

असा माणूस मिळाला नाही की आमचं गाव त्याची हाक बंद करतं. गोंडाचं घर असो की कुणब्याचं, रीत एक. सगळे रानाच्या कडेला उभे राहतात, एक जण त्याच्यासारखा कुकारा मारतो आणि कोणी उत्तर द्यायचं नाही. बायकोनं तर नाहीच. उत्तर म्हणजे दोर. तीनदा उत्तर मिळालं की रानातला त्या दोराला धरून घरी येतो. पण तो येताना कोण होऊन येतो, हे विचारायला कोणी थांबलेलं नाही. त्या दिवशी कुकारा मीच मारला होता. लच्छूची बायको सुकरी पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी राहिली. पोरगी प्रिया तिचा दंड धरून. उत्तर गेलं नाही. हाक बंद झाली.

तर मोह गळत होता, आणि माझ्या हातात टॅब होता. बायांना घुमवायचं ठरवलं. भुंग्याला झुल्याला जोडलं, दारातून काढून विहिरीत सोडलं, आणि एक छान, गोल, कोणाचाच नसलेला कुकारा तयार झाला. घरात दहादा वाजवून पाहिला. कुठंही तुटत नव्हता. सुगंधाला विचारलं, कोणाचा वाटते? "कोन्या येड्याचा," ती म्हणाली.

सकाळी प्रवीणकडून आणलेला बिनवायरचा स्पीकर एका मोहाच्या ढोलीत ठेवला आणि मी वारुळामागं दबून बसलो. खाली पालापाचोळा जाळल्याचा धूर, वर मोहाचा तो गोड, डोकं जड करणारा वास. टप... टप... फुलं पडत होती. मी काचेवर बोट टेकवलं.

कूऽऽऽ.

चंदाबाई लगेच "कूऽऽ" म्हणाली आणि ओरडली, "कोन हाय वो तिकडं? नवा कोंबडा आला वाट्टे!" बाया हसल्या. माझं पोट हसून दुखायला लागलं. मी पुन्हा बोट टेकवलं.

कूऽ... ऊऽऽ.

मधे तुटला.

चकतीला माझा हात लागलेला नव्हता. हसणं थांबलं. टोपल्या थांबल्या. मला वाटलं फुलंसुद्धा पडायची थांबली. आणि सुकरीनं मान वर केली, खूप दिवसांनी कोणी झोपेतून उठवावं तशी, आणि उत्तर दिलं. बारीक आवाज तिचा, शेवटाला वर चढणारा. "कूऽऽ?"

ती उठून नाल्याकडं चालू लागली. तेव्हा मी वारुळामागून धावलो. "अवं सुकरी! मीच हावो वो! हे पाय, मशीन हाय, मस्करी करून राह्यलो होतो!" चंदाबाईनं मला ज्या शिव्या दिल्या त्या तुमच्यासमोर सांगत नाही, दोन तर मला नवीन होत्या. मी टॅब बंद केला. काच काळी झाली, सगळ्यांनी पाहिली.

आणि नाल्यापलीकडून आलं... कूऽ... ऊऽऽ.

चंदाबाईचा हात पोहोचायच्या आत सुकरीनं दुसरं उत्तर दिलं.

त्यानंतर आम्ही तिला घरी आणून बसवलं. प्रिया दाराला पाठ लावून बसली. सुकरी शांत होती, त्याचीच भीती वाटत होती.

"भाऊ, एकच राह्यलं नं आता?" तिनं विचारलं.

"एकबी नाई राह्यलं. तोंड बंद ठेव."

"किती दिस ठेवू? तुमी सारे एकदा चूप राह्यले आन् घरी जाऊन जेवले. मी रोज चूप राह्यते."

"आई, माह्याकडं पाय," प्रिया म्हणाली. "तो बाबा नसन तं?"

सुकरीनं पोरीकडं पाहिलं नाही, दाराकडं पाहिलं. मला कळलं, आज दिवस बुडताना, रानातले घरी परततात तेव्हा, कुकारा आला की ही उत्तर देणार. लच्छूला घरी आणणार, नाही तर लच्छूच्या आवाजाला. आणि त्या घरात ही पोरगी.

आता मला एकच विद्या येते. मी म्हटलं, जिवंत लच्छूला मी जन्मभर फसवलं, मेलेला किती हुशार झाला असेल? पुन्हा टॅब काढला आणि सुकरीचं उत्तर बनवलं. भुंगा बारीक केला, झुला शेवटाला वर ओढला. चांगला तासभर लागला. आवाज चुकला असता तर कामाचा नव्हता. मग घड्याळ लावलं आणि ऊन असतानाच चंदाबाईला सोबत घेऊन नाल्यापलीकडं, पार जंगलखात्याच्या तोडीच्या कुपाच्या टोकाला, रानडुकरं हाकलायच्या जुन्या माळ्यावर टॅब आणि स्पीकर बांधून आलो. परत येताना चंदाबाई एकदाच बोलली. "मुखरूभाऊ, मांगं पाहू नोका." मी पाहणारच नव्हतो.

दिवस बुडाला. सुकरीच्या घरात चिमणी लावली होती. मी तिच्या समोर, प्रिया बाजूला, चंदाबाई हात तयार ठेवून.

कूऽ... ऊऽऽ.

नाल्याच्या अलीकडून होता. सुकरीचे ओठ उघडले, आणि चंदाबाईनं दाबले... आणि लांबून, रानातून, सुकरीचाच आवाज आला. "कूऽऽ?"

तिसरं उत्तर.

मग तो कुकारा लांब गेला. पुन्हा झाला तेव्हा आणखी लांब. त्या माळ्याकडं. मग रान गप्प झालं. मी चंदाबाईकडं पाहून डोळा मारला. मारला, खोटं कशाला सांगू.

सुकरी तोंडावरचा हात बाजूला करून म्हणाली, "भाऊ... माहा आवाज तिकडं काऊन गेला?"

ती रडली, आणि मग प्रियाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. आज ती बरी आहे. कामाला जाते, मला शिव्या देते. तिचं जे व्हायचं होतं ते टळलं.

सकाळी टॅब आणायला गेलो. बॅटरी उतरून काच काळी पडलेली. माळ्याच्या खाली पळसाचं पान होतं, त्यावर मोहफुलांची रास, वर दगड. जवळपास मोहाचं झाड नाही तिथं. आम्ही हात लावला नाही. घरी चार्ज करून ॲप उघडलं तर माझ्या वायरी जशाच्या तशा होत्या. एक जास्त होती. कानाच्या डब्यातून निघालेली. मी ॲप पुसून टाकलं.

मोह संपला. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे दिवस आले. एका संध्याकाळी मी ओसरीवर बाजेवर बसून सुपारी कातरत होतो. रानाकडून कुकारा आला. चांगला मोकळा कुकारा, आणि शेवटी हसू फुटलेलं. आत सुगंधानं "कूऽऽ" दिलं आणि आधण ठेवल्याचा आवाज झाला.

मी तसाच बसून राहिलो. ती दारात आली, मला पाहिलं. "आत्ता तुमीच नं... फाट्यावरून?"

"मी इथीच हावो, सुगंधे."

तिला सगळं समजावलं. म्हटलं, आता मी आयुष्यात कुकारणार नाही, माझा आला तरी देऊ नको. तिनं कानाला हात लावला. पण चाळीस वर्षांची सवय. एका दुपारी कुकारा आला आणि कांडता कांडता तिच्या तोंडातून उत्तर गेलंच. हे दुसरं. मी म्हटलं, "लच्छ्या, पुरे झाली मस्करी." मोठ्यानं म्हटलं. रानातून काही आलं नाही.

परवा मी बियाण्यासाठी सिंदेवाहीला गेलो होतो. यायला संध्याकाळ झाली. फाट्यावर उतरलो, थैली खांद्यावर घेतली आणि तोंड घट्ट मिटून घरापर्यंत आलो. चुलीवर भात रटरटत होता. सुगंधा पाठमोरी होती.

"झाले पाय धुऊन?" ती म्हणाली. "कवापासून मांगं पानी घेऊन राह्यले. बसा आता."

मी थैली खाली ठेवली नाही. तसाच घरातून मागच्या दारात गेलो. न्हाणीचा दगड ओला होता. बादलीतलं पाणी अजून हलत होतं. दगडाच्या कडेला पळसाचं पान, त्यावर मोहफुलांची रास, ताजी, आताच गळाल्यासारखी टपोरी. वर दगड.

मी तिथंच उभा राहिलो.

आतून सुगंधा म्हणाली, "आता पुन्हा काऊन हासता वो?"

मी हसलो नव्हतो.